फ्रिजचा वास, येळवशीची भज्जी आन् सुरीनं फोडलेला बर्फ

प्रश्न: ताई, आम्ही लातूरला राहतो. फ्रिज उघडला की असा वास येतो की पाहुण्यांसमोर पाण्याची बाटली काढायची लाज वाटते. सासूबाई म्हणतात सगळा फ्रिज धुवून काढ, पण नळ आठ दिवसाला येतो, फ्रिजला दोन-तीन बादल्या पाणी कुठून घालू? लिंबू कापून ठेवलं, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच.

उत्तर: लिंबानं वास नुसता झाकतो हो, जात नाही. आन् बादल्यांचं म्हणाल तर एवढं पाणी लागतच नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणायची वेळ आली होती, ते दिवस बघितल्यावर मी कुणालाच फ्रिज धुवा म्हणत नाही, पुसा म्हणते. एक लिटर कोमट पाणी, त्यात दोन चमचे खायचा सोडा, आणि जुन्या सुती साडीचे तीन तुकडे, एक ओल्या पुसण्याला, एक साध्या पाण्यात पिळून परत फिरवायला आन् एक कोरडा. बस.

दिवस मात्र बाजाराच्या आदल्या दिवसाचा धरा, तेव्हा फ्रिज तसाही अर्धा रिकामा असतो. आधी बटण बंद करून प्लग काढा, वरून खाली पुसत या. काचेचा कप्पा थंड असताना त्यावर गरम पाणी घालू नका, तडकतो. फक्त खालचा भाजीचा ट्रे तेवढा बाहेर काढून धुवा, आणि ते सोड्याचं पाणी तुळशीला न घालता मोरी घासायला वापरा.

आता वास. बऱ्याच घरी आतून सगळं चकाचक असतं तरी वास राहतो, कारण तो आतला नसतोच. फ्रिज भिंतीपासून ओढा, मागे खाली कॉम्प्रेसरवर प्लास्टिकचा एक ट्रे असतो, बर्फ वितळलेलं पाणी तिथं जमतं, वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आन् त्यात शेवाळ धरतं. तो पुसून काढा. दुसरी जागा दाराचं रबर. त्याच्या घडीत दूध, आंब्याचा रस, चटणीचं तेल जाऊन काळी बुरशी बसते, जुना टूथब्रश सोड्याच्या पाण्यात बुडवून घडी उघडून घासा आणि नक्की कोरडं करा. जाता जाता एक नोट दारात अडकवून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय, गार हवा बाहेर जातीय आन् लाईटबिल वाढतंय. तिसरी जागा म्हणजे आत मागच्या बाजूला पाणी जायचं बारीक भोक, ते कोथिंबिरीच्या काडीनं तुंबतं आणि मग भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. इअरबडनं हळूच मोकळं करा.

एवढं झाल्यावर वाटीभर सोडा उघडा ठेवा, महिन्या-दीड महिन्यानं बदला. आणि ताई, झाकण नसलेलं काहीही आत ठेवू नका, विशेषतः लसणाचा ठेचा. दूध दारात ठेवायची सवय पण मोडा, दार सारखं उघडतं म्हणून तीच जागा सगळ्यात कमी गार असते, तिथं सॉस आन् लोणचं बरं. शिळं पुढं आणि ताजं मागं ठेवा, डब्यावर पट्टी चिकटवून वार लिहा, तीन-चार दिवसांपेक्षा जुनी भाजी घरात कुणाच्याच ताटात जायला नको.

प्रश्न: धाराशिव जिल्ह्यात आमचं गाव. येळवशीला (वेळ अमावस्येला, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण) भज्जी, म्हणजे बऱ्याच भाज्या एकत्र शिजवलेली भाजी, पातेलंभर उरली. संध्याकाळी शेतातून आल्या आल्या पातेलंच फ्रिजमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी आंबली. फ्रिज बिघडला का?

उत्तर: फ्रिज बिघडला नाही, उशीर झाला. बघा, भज्जी पहाटे शिजली, डोक्यावरनं शेतात गेली, पूजा झाली, पंगती उठल्या आणि दिवस मावळताना घरी आली, म्हणजे दहा-बारा तास बाहेर. शिजवलेलं अन्न साधारण दोन तासाच्या आत गार जागी गेलं पाहिजे, उन्हाळ्यात तर तासाभरातच, कारण 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. आधीच वाढलेले जंतू फ्रिज मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो एवढंच. त्यात मोठं पातेलं मधोमध गार व्हायला फार वेळ घेतं आणि शेजारचं दूधही कोमट करतं. पुढच्या येळवशीला शेतात लागेल तेवढीच भज्जी न्या, घरासाठीची पहाटेच पसरट डब्यांत थोडी थोडी काढा आणि वाफ गेली की फ्रिजात टाका. शेतातनं परत आलेली भज्जी जनावरांनाही घालू नका. आपल्याकडं अन्न टाकायला जीव होत नाही, माझाही होत नाही, पण लेकरांच्या पोटावर ते काढू नका.

प्रश्न: हिंगोलीहून विचारतोय. आमच्या सिंगल डोअर फ्रिजला बर्फाचा डोंगर झाला होता, सुरीनं फोडला तर फुस्स आवाज आला आणि आता कूलिंगच नाही.

उत्तर: दादा, सुरी फ्रिजरच्या आतल्या नळीत घुसली आणि गॅस गेला. हे आता मेकॅनिककडंच न्यायचं काम, घरी काही करता येणार नाही, खर्चाचा आकडा आधी विचारून घ्या. पुढं बर्फ अर्ध्या सेंटीमीटरवर गेला की लगेच डीफ्रॉस्टचं बटण दाबा, दार उघडं ठेवायचं असेल तर प्लग काढून खाली जुनं फडकं अंथरा, दोन-तीन तासात बर्फ आपोआप सुटतो.