सायक्लोस्टाइलवर अंक माखतो, काय करावं?

प्रश्न : जुन्या सायक्लोस्टाइल यंत्रावर आम्ही मित्र कवितांचं अनियतकालिक काढतोय. काही अक्षरं काळी भरतात, पानांच्या मागे शाई उठते. काय चुकतं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : यंत्र मोडीत मात्र काढू नका. १९५४ साली मुंबईत ‘शब्द’ हे कवितांचं अनियतकालिक सायक्लोस्टाइलवरच निघालं होतं.

स्टेन्सिल (ज्यात कापलेल्या अक्षरांतून शाई उतरते तो मेणाचा पातळ कागद) कापताना टाइपरायटरची रिबन बंद ठेवा, त्याचे अक्षरांचे खिळे ब्रशने साफ करा. ठोका जोरात बसला की व, ब, ठ यांची पोटं तुटून पडतात आणि तिथे शाईचा ठिपका येतो. ती जागा करेक्शन फ्लुइडने बुजवा, पूर्ण वाळू द्या, मग हलक्या हाताने पुन्हा टाइप करा.

शाई उठते ती बहुतेक कागदामुळे. ही शाई कागदात मुरूनच वाळते, गुळगुळीत कागद ती पीतच नाही. खरखरीत डुप्लिकेटिंग कागद घ्या आणि पाठपोट छापण्याआधी पहिली बाजू रात्रभर वाळवा. पावसाळ्यात दमट कागद दोन-दोन ओढले जातात, म्हणून गठ्ठा फडफडवून सुटा करा.

फुलस्केप मधोमध दुमडला की ४ पानं होतात, पानसंख्या त्याच पटीत धरा. शीर्षकं मात्र टाइप न करता स्टायलसने (टोकदार लेखणीने) हातानं कोरा, अंकाचं रूप तिथंच खुलतं.