स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड: नावाचा अर्थ, आणि मान 'कलते' की 'वळते'?

प्रश्न असा आहे की मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक असलेल्या 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' स्नायूच्या या एवढ्या लांबलचक नावाचा अर्थ काय आणि 'उजवा स्नायू मान उजवीकडे वळवतो' हे वाक्य बरोबर आहे का.

आधी नाव. नाव म्हणजे चक्क पत्ता आहे. स्टर्नम म्हणजे छातीच्या मधलं हाड, क्लायडो हे ग्रीकमधल्या किल्ली या अर्थाच्या शब्दावरून आलंय आणि त्याचा रोख हासळीच्या हाडाकडे, आणि मॅस्टॉइड म्हणजे कानाच्या मागे बोटाला लागतो तो हाडाचा टणक उंचवटा (शब्दशः 'स्तनासारखा', आकारावरून). म्हणजे खाली छाती आणि हासळी अशा दोन ठिकाणांहून निघून वर कानामागे जाऊन चिकटणारा स्नायू, आधी मूळ मग शेवट, त्याच क्रमाने नाव. मला तर हे नाव फार आवडतं, पाठ करायला अवघड वाटतं पण एकदा फोड कळली की विसरत नाही.

आता ते वाक्य. ते चुकीचं आहे, आणि इथे मराठीतली दोन क्रियापदं नीट वापरली की सगळं सुटतं. उजवा स्नायू आखडला की मान उजवीकडे कलते, म्हणजे उजवा कान खांद्याकडे येतो, पण तोंड मात्र डावीकडे वळतं आणि हनुवटी थोडी वर जाते. कलणं एका बाजूला आणि वळणं दुसऱ्या बाजूला, त्यामुळे नुसतं 'मान वळवतो' लिहिलं की वाचणाऱ्याचा घोटाळा होणारच. आरशासमोर तोंड डावीकडे फिरवून बघा, उजव्या बाजूला कानामागून गळ्याच्या खळगीकडे तिरकी दोरी उठून दिसेल, तोच हा. दोन्ही मिळून काम करतात तेव्हा उशीवरून डोकं उचललं जातं, आणि खूप धाप लागली की हेच स्नायू छातीचं हाड वर खेचून श्वासाला मदत करतात.

मराठी नाव हवं असेल तर मला 'मन्या' हा जुना शब्द आठवतो, मानेची बाजू किंवा मागचा भाग या अर्थाचा, आपला 'मान' शब्दही त्याच्यावरूनच आला, आणि मान आखडण्याला आयुर्वेदात मन्यास्तंभ म्हणतात. पण मन्या हे मानेतल्या शिरांनाही म्हटलंय, म्हणून या स्नायूला तेच नाव देऊ नये असं माझं मत. साध्या लिखाणात 'मानेचा तिरका स्नायू' म्हणावं आणि पहिल्यांदा येईल तिथे मूळ नाव एकदा द्यावं.