कोकणात ऑटोमॅटिक डायव्हर घड्याळ टिकतं का? खोलीचं सोड, क्राऊनचं बघ

तुझा प्रश्न मला जसा कळला तो आधी लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू देवगडचा, मामाच्या होडीवर वर्षातले आठ-नऊ महिने असतोस, बजेट वीस हजाराच्या आत-बाहेर, ऑटोमॅटिक डायव्हर घ्यायचंय, म्हणजे बॅटरीशिवाय हाताच्या हालचालीने चालणारं, पाण्याखाली घालायचं घड्याळ. पण भावाच्या 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेल्या घड्याळात पहिल्याच पावसात पाणी शिरलं म्हणून तू धास्तावलायस, आणि २०० मीटर लिहिलंय म्हणजे नक्की काय ते तुला कळत नाहीये.

आधी भावाचं. काचेच्या आतून वाफ दिसतेय म्हणालास ना, मग ते घड्याळ तांदळाच्या डब्यात घालून ठेवू नका आणि उन्हातही टाकू नका, आजच्या आज जवळच्या घड्याळवाल्याकडे नेऊन मागचं झाकण उघडून सुकवून घ्या. पावसाचं पाणी असेल तर एखाद-दोन दिवस तरी मिळतात, खारं असेल तर आतलं लोखंड लगेच गंज धरतं.

आता मुख्य मुद्दा. मी मालवणच्या बाजूला सोळा वर्षं पर्यटकांना पाण्याखाली नेतोय आणि एवढ्या वर्षांत घड्याळ खोलीमुळे गेलेलं एकदाही बघितलं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपण लोकांना जिथे उतरवतो तिथलं पाणी माडाच्या अर्ध्या उंचीएवढंही खोल नसतं. दर १० मीटरला साधारण एक बार (दाब मोजायचं माप) दाब वाढतो, म्हणजे २०० मीटरचं घड्याळ २० बारचं. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर, ओपन वॉटर म्हणजे पहिला कोर्स केलेल्याला तर १८ मीटरच. म्हणजे दाबाच्या बाबतीत त्या घड्याळाला आपला समुद्र काहीच नाही. आपल्याकडे घड्याळ मरतं ते मिठाने, घामाने, वाळूने आणि उघड्या राहिलेल्या क्राऊनने. क्राऊन म्हणजे आपण ज्याला चावी म्हणतो ती.

लोक सांगतात की पोहताना हात जोरात मारला की दाब कित्येक पटीने वाढतो म्हणून ५० मीटरवालं पोहायला चालत नाही. हे मीही खूप वर्षं खरं मानत होतो, मग एकदा हिशोब करून बघितला. सेकंदाला ५ मीटर एवढ्या वेगाने हात पाण्यातून गेला, आणि एवढ्या वेगाने आपला कोणाचाच जात नाही, तरी जास्तीचा दाब सव्वा मीटर खोलीएवढाच येतो. खरं कारण वेगळं आहे. पाणी अडवणाऱ्या आतल्या रबराच्या रिंगा म्हाताऱ्या होतात, कडक होतात, आणि नवीन असताना केलेली टेस्ट चार वर्षांनी कामाची राहत नाही. दुसरं म्हणजे मे महिन्यात होडीच्या फळीवर उन्हात ठेवलेलं घड्याळ हाताला चटका बसेल इतकं तापतं, ते तसंच पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि रिंग जराशी ढिली असली तरी ओल आत ओढून घेते. म्हणून होडीवर घड्याळ काढलंस तर सावलीत ठेव.

घेताना डायलवर किंवा मागे डायव्हर्स २०० मी. असं लिहिलंय का ते बघ, नुसतं वॉटर रेझिस्टंट नको. डायव्हर्स लिहायचं असेल तर आयएसओ ६४२५ ह्या स्टँडर्डमध्ये बसावं लागतं. त्यात लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबावर टेस्ट, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ दिसली पाहिजे, बेझल (काचेभोवतीची फिरणारी आकड्यांची कडी) चुकून फिरणार नाही अशी पाहिजे, खारं पाणी, धक्का, चुंबक असं सगळं येतं. त्यातली एक टेस्ट मी घरी करतो. घड्याळ थोडा वेळ उन्हात कोमट होऊ द्यायचं, मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा, एक मिनिटाने पुसायचा. थेंबाच्या जागी आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे. मी दरवर्षी सप्टेंबरात सीझन सुरू व्हायच्या आधी हे करतो आणि त्याशिवाय पाण्यात नेत नाही.

माझ्या हातात २००९ पासून सीकोचं एसकेएक्स००७ आहे. १९९६ ला आलं आणि २०१९ ला बंद झालं ते मॉडेल. आत ७एस२६ मशीन, चावी द्यायची सोय नाही, सेकंदकाटा थांबवायची सोय नाही, हातावर घालून फिरलास की रोटर म्हणजे आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते, बस. काढून ठेवलं तर साधारण ४० तास चालतं. कंपनी स्वतःच म्हणते दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे. माझं रोज १२ सेकंद पुढे पळतं, पंधरा दिवसांनी तीन मिनिटं, महिन्याच्या पहिल्या तारखेला नीट करतो.

आणि तिथेच माझी चूक झाली होती. २०१४ चा १ मे. एप्रिल ३० दिवसांचा त्यामुळे घड्याळ ३१ दाखवत होतं, वर सुट्टीचा दिवस, होड्या भरलेल्या. मी होडीवरच क्राऊन खोलून तारीख बदलली, तेवढ्यात एका बाईंचा मास्क अडकला म्हणून हाक आली, मी क्राऊन नुसता आत दाबला आणि फिरवून घट्ट करायचा राहिला. तसाच तीनदा पाण्यात गेलो. दुपारी जेवायला बसलो तेव्हा सहाच्या आकड्याजवळ काचेखाली धुकं दिसायला लागलं, अगदी पैशाएवढं, आणि बघता बघता अर्धी काच पांढरी झाली. काका शेजारी बसलेले, बघून म्हणाले, "अरे मेल्या, ह्येच्यात पाणी भरला मां!" दुकान बंद होतं म्हणून घड्याळवाल्याच्या घरी गेलो, त्याने उघडलं, धुतलं, सुकवलं, पण महिन्याभरात वाराच्या चकतीवर तांबेरा दिसलाच आणि काटे अडायला लागले. शेवटी अख्खं मशीन बदललं. ह्या स्वस्त मशीनचा हाच मोठा फायदा, बदलायला मिळतं आणि परवडतं. डायल, काटे, केस (बाहेरचं धातूचं कवच) सगळं जुनंच आहे, आजही.

तेव्हापासून माझा नियम: पाण्याच्या दहा मीटर जवळ क्राऊनला हात लावायचा नाही. तारीख घरी, पंख्याखाली, कोरड्या हाताने. रात्री ९ ते पहाटे ४ मध्ये तारीख बदलायची नाही, त्यावेळी आतले दाते तारखेच्या चकतीला धरून असतात, जबरदस्ती केली तर तुटतात. बंद करताना आधी किंचित उलटा फिरव, आटे बसल्याचं बोटाला जाणवतं, मग सुलटा फिरव. पिळून घट्ट करायचं नाही. आट्यात वाळूचा एक कण राहिला तरी आटे खातो, म्हणून आधी जुन्या टूथब्रशने साफ कर.

रोजची निगा तुला नवीन नाही. होडीचं इंजिन गोड्या पाण्याने फ्लश करतोस ना, तेच. घरी आलास की क्राऊन बंद आहे बघून घड्याळ विहिरीच्या पाण्यात वाटीत टाक, अर्धा तास, बेझल दोन-चार वेळा पूर्ण फिरव म्हणजे खाली अडकलेलं मीठ आणि वाळू निघते. बेझल जाम होतात ते ह्याचमुळे, लोक मग पक्कड लावतात आणि काच फोडतात. कडकडीत पाण्याने आंघोळ करताना घालू नको, साबण आणि गरम वाफ दोन्ही रबराला वाईट. डास पळवायचं क्रीम पण पट्ट्याला लावू नको, प्लास्टिक-रबर खातं.

केस बहुतेक ३१६एल स्टीलची असते, चांगली असते, पण मिठाचं पाणी जिथे साचून राहतं तिथे तिलाही खड्डे पडतात, चेनच्या कड्यांत आणि पट्ट्याच्या पिनांपाशी. पहिली पिनच गंजते. दरवर्षी पिना बदल, किरकोळ खर्च आहे आणि अख्खं घड्याळ दर्यात जायचं वाचतं. मी नाटो पट्टा वापरतो, नायलॉनचा एकच सलग पट्टा दोन्ही पिनांखालून जातो, एक तुटली तरी घड्याळ हातावर राहतं. फक्त तो खारं पाणी धरून ठेवतो, रोज पिळून वाळवायचा, नाहीतर मनगटाला खाज येते. चामड्याचा पट्टा आपल्याकडे आषाढात आठवड्याभरात बुरशीने हिरवा होतो, विचारच करू नको.

आता कुठलं घ्यायचं. तू जे सीको ५ स्पोर्ट्स बघितलंस ते २०१९ ला आलेलं, दिसायला माझ्या एसकेएक्ससारखंच, मशीन तर माझ्यापेक्षा चांगलं, चावी देता येते, सेकंद थांबतो. पण ते १०० मीटरचं आहे आणि क्राऊन नुसता दाबायचा, आट्यांचा नाही. ऑफिसला जाणाऱ्याला, अधूनमधून पोहणाऱ्याला छान. होडीवर रोज जाळी ओढताना क्राऊनला दोर अडकून बाहेर आला तर तुला कळणारही नाही, म्हणून तुझ्यासाठी माझं मत नाही. तुझ्या बजेटच्या आसपास ओरिएंट कामासू बसतं, २०० मीटर, आट्यांचा क्राऊन, चावी देता येते आणि सफायर काच. दुसरं सिटिझन प्रोमास्टर एनवाय००४०, २०० मीटर, आणि क्राऊन डाव्या बाजूला आठच्या आकड्यापाशी, त्यामुळे मनगट वाकवलं तरी टोचत नाही. दोन्ही हातात घेऊन बघितलीत. मला विचारशील तर रोज जाळी ओढणाऱ्यासाठी सिटिझन. सफायर काचेला वाळूने चरे पडत नाहीत हे खरं, पण खडकावर किंवा लोखंडी गळावर टणकन आपटली तर साधी मिनरल काच बऱ्याचदा चरा पडून वाचते तिथे सफायरचा टवका उडू शकतो. माझ्या काचेवर सोळा वर्षांचे चरे आहेत, वेळ अजून स्पष्ट दिसते.

फक्त वेळच बघायची असेल तर कॅसिओ ड्युरो घे असंही प्रामाणिकपणे सांगतो. क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीवालं, २०० मीटर, बरंच स्वस्त, आणि वेळ ऑटोमॅटिकपेक्षा अचूक. त्यात गोची एकच, बॅटरी संपली की बाजारात कोणीतरी झाकण उघडतो, रिंग न बदलता, ग्रीस न लावता तसंच बंद करतो आणि तुला वाटतं अजून २०० मीटरच आहे. माझ्या ओळखीतली निम्मी घड्याळं अशीच गेली. ऑटोमॅटिकचं झाकण चार-पाच वर्षं उघडायचं कारणच पडत नाही. उघडलंच तर नवीन रिंगा, सिलिकॉन ग्रीस आणि प्रेशर टेस्ट, तिन्ही झाल्याशिवाय घेऊ नको. कोल्हापूर, पणजी, मुंबई जिथे पाठवशील तिथे आधी फोन करून विचार, प्रेशर टेस्टचं मशीन आहे का. नाही म्हणाले तर दुसरीकडे.

सेकंडहँडमध्ये जपून. जुन्या सीकोच्या नावाने चकचकीत केशरी, निळ्या डायलची घड्याळं दोन-तीन हजारात मिळतात, डायल परत रंगवलेली, आतले भाग दहा घड्याळांचे. जगभरातले घड्याळवेडे त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. घाला हवं तर, पण हात धुतानाही काढून ठेवा.

बेझलचं विचारलंस. पाण्यात शिरताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती मिनिटं झाली ते काटा थेट दाखवतो. ती एकाच दिशेने फिरते ते मुद्दाम. कशाला घासून फिरली तरी वेळ जास्त झालेली दाखवेल, कमी कधीच नाही, म्हणजे माणूस लवकर वर येईल. आज डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) सगळं करतो आणि खरं डायव्हिंग करणार असशील तर तो पाहिजेच, घड्याळ सोबतीला. पण वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हा माझी नजर अजून काट्यावरच जाते. तुला ती बर्फ, डिझेल, जाळं किती वेळ टाकलंय ह्यासाठी रोज लागेल.

घड्याळ एकदम दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर बिघडलं म्हणून घाबरू नको, बहुतेक चुंबक लागलेलं असतं, होडीवरचा स्पीकर, मोबाइलचं कव्हर. मामाच्या होकायंत्राजवळ घड्याळ हळू फिरव, सुई नाचायला लागली तर तेच. घड्याळवाला मिनिटभरात काढून देतो.

पहाटे चारला होडी ढकलायच्या आधी पडवीतल्या ट्यूबलाइटखाली दोन मिनिटं धर, काटे आणि ठिपके असे पेटतात की खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत टॉर्च काढावा लागत नाही. घेताना काळा डायल घे. आणि घेतलंस की क्राऊनचा जवळून फोटो टाक, आटे नीट बसलेत का ते बघून सांगतो.