तिवी बेटांवरच्या फुटबॉल लीगचा इतिहास काय आहे?

तिवी बेटं म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या उत्तरेला साधारण ८० किमीवर असलेली बाथर्स्ट आणि मेलव्हिल ही दोन बेटं, लोकसंख्या जेमतेम अडीच-तीन हजार. तिथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल (लंबगोल बॉल हातात घेऊनही पळता येतं असा ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा फुटबॉल) आणला तो कॅथलिक मिशनच्या ब्रदर जॉन पाय यांनी, १९४१ च्या सुमारास, आणि पोरं अनवाणीच खेळायची, तेही पावसाळ्यात, कारण तिकडचा सीझनच पावसाळ्यातला, बॉल पार ओला गच्च झालेला असला तरी एका हाताने उचलून पळायचं. मग १९५२ मध्ये डार्विनला सेंट मेरीज क्लब निघाला, तो मुख्यतः तिथे कामाला आलेल्या तिवी लोकांसाठीच.

बेटांची स्वतःची लीग सुरू झाली १९६९ मध्ये. फायनल मार्चमध्ये बाथर्स्ट बेटावरच्या वुरुमियांगा गावात होते, त्याच दिवशी तिवी चित्रं आणि लाकडी कोरीव कामाची विक्रीही असते, डार्विनहून लोक बोटी आणि छोटी विमानं भरभरून येतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे: डेव्हिड कँटिला इथूनच ॲडलेडला गेला आणि १९६४ ला साउथ ॲडलेड क्लबने प्रीमियरशिप, म्हणजे तिथल्या लीगचं विजेतेपद, जिंकली तेव्हा तो त्या टीममध्ये होता, आदल्या वर्षी हीच टीम शेवटच्या नंबरवर होती! नंतर इथल्याच मॉरिस रिओलीने १९८२ च्या VFL (आताची AFL, देशातली सगळ्यात मोठी लीग) ग्रँड फायनलमध्ये टीम हरूनही नॉर्म स्मिथ मेडल, म्हणजे त्या फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, मिळवलं, आणि २०१५ मध्ये तेच मेडल त्याच्या पुतण्याला, सिरिलला मिळालं.