अडीच सेंटिमीटरवरून चापडा?

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे सोनी ए६४०० आहे आणि १६-५०, ५५-२१० अशा दोन लेन्स. पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडूक, किडे, साप बघायला जातो. आता मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) घ्यायचीय. सोनीची ३० एमएम मॅक्रो बजेटमध्ये बसतेय, तिच्यातही १:१ (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराएवढी) मिळतं आणि ९० एमएमवालीतही १:१च, मग एवढे जास्तीचे पैसे कशाला घालायचे? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : तुमचा हिशोब चुकीचा नाहीये, १:१ म्हणजे १:१च, तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे त्यामुळे दोन्ही लेन्समध्ये फ्रेम तेवढीच भरणार, रुपयाचं नाणं ठेवलंत तर वरून-खालून कापलं जाईल इतकं जवळचं. पण ती फ्रेम भरायला तुम्हाला कुठवर जावं लागतं ते बघा. कंपन्या सगळ्यात कमी फोकस अंतर देतात ना, ते सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या काचेपासून नाही. ३० एमएमला ते साडेनऊ सेंटिमीटर आहे, त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली की काच आणि किडा यांच्यात जेमतेम अडीच सेंटिमीटर उरतात. ९० ला २८ सेंटिमीटर, म्हणजे पुढे तेरा एक सेंटिमीटर मोकळे.

आता आंबोलीत कारवीच्या फांदीवर चापडा, म्हणजे विषारी साप, बसलाय असं समजा. अडीच सेंटिमीटरवर तुम्ही जाणार? जाऊच नका. टाचणी, चतुर असे किडे उडून जातील, बेडूक उडी मारेल, आणि कोणी हललंच नाही तरी लेन्सचीच सावली त्याच्यावर पडेल, उजेड आत जायला जागाच नाही. फुलं, शेवाळ, बुरशी यांच्यासाठी ३० चालेल, तुमच्या कामाची ती नाही.

तरी मी म्हणेन ९० सुद्धा लगेच घेऊ नका. तुमच्याकडे ५५-२१० आहे, तिच्यावर रेनॉक्स डीसीआर-२५० लावा. ही पुढे चिमट्यासारखी बसणारी क्लोजअप लेन्स आहे, मॅक्रोच्या मानाने फारच स्वस्त. तिचा चिमटा ५२ ते ६७ एमएमला बसतो आणि तुमच्या झूमचा फिल्टर ४९ चा, म्हणून ४९-५२ ची स्टेपअप रिंग (४९ ला ५२ करणारी कडी) आठवणीने मागवा, नाहीतर पार्सल घरी येईल आणि लेन्स बसणार नाही. ही लावली की २१० ला १:१ च्याही पुढे जाता येतं, ५५ ला अर्ध्याच्या आसपास, आणि जिवापासून अंतर बारा सेंटिमीटरच्या आसपासच राहतं. लांबचं मात्र काही फोकस होत नाही, ते धरून चाला.

वाचलेल्या पैशात फ्लॅश घ्या, रात्री खरा फोटो तोच काढतो. कॅमेऱ्याचा पॉपअप नको, लेन्स त्याच्या आड येते. वरून लावायचा फ्लॅश, पुढे पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचा मोठा डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा), शटर १/१६० (ए६४०० चं फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, तेवढंच आहे), अॅपर्चर एफ/८ ते ११, आणि सायलेंट शूटिंग बंद, ते चालू असलं की फ्लॅश उडतच नाही. फोकस मॅन्युअल ठेवा, पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) चालू करा आणि रिंग फिरवण्यापेक्षा स्वतःच हळूहळू पुढे-मागे व्हा. एक पावसाळा असा काढा, मग हात बसला की ९० घ्या किंवा सिग्माची १०५. सिग्मात स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) नाही आणि तुमच्या बॉडीतही नाही, पण रात्री फ्लॅशवर त्याने फार बिघडत नाही.

आणि एक विनंती, अंगाला डासांचं मलम लावून बेडूक हातात घेऊ नका, त्यांची कातडी सगळं शोषून घेते. पानावर फेसाचं घरटं दिसलं तर पान वळवूसुद्धा नका. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

प्रश्न : कासला दवबिंदूचे (किडे खाणाऱ्या वनस्पतीचे) फोटो काढले, निकॉन झेड५० आणि १०५ मॅक्रो. एकच थेंब शार्प, बाकी सगळं धूसर. लेन्स खराब आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लेन्स चांगली आहे हो. १:१ ला एफ/८ वर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर शार्प असतो, दवबिंदूचं एक पानसुद्धा केसांसकट त्यापेक्षा जाड. म्हणून १:१ चा हट्ट सोडा आणि थोडं मागे या, अर्ध्या साइझवर कितीतरी जास्त शार्प मिळतं आणि झेड५० च्या वीस मेगापिक्सेलमधून नंतर क्रॉप करता येतं. पान सेन्सरला समांतर येईल असा कॅमेरा धरा. एफ/११ च्या फार पुढे नका जाऊ, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळाच फोटो मऊ पडतो. स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करायचं तर पठारावर वारा थांबायला हवा, तो पहाटेच काय तो थांबतो. आणि मागे येताना पाय वाटेवरच ठेवा, तिथे कातळावर मातीचा पातळसा थर आहे आणि दवबिंदू, सीतेची आसवं सगळं त्याच्यावरच उगवतं.