सालामान्कात शिकायला गेल्यावर पहिले काही आठवडे कसे जातात?

तू लिहिलंयस की सप्टेंबरपासून वर्षभरासाठी स्पेनमधल्या सालामान्का विद्यापीठात चालली आहेस, स्पॅनिशची बी१, म्हणजे मधली पातळी झाली आहे, पण तोंड उघडायची भीती वाटते. (तू म्हटलं तर चालेल ना? मी तिथून शिकून आले, त्यामुळे तू मला धाकट्या बहिणीसारखीच.)

पहिले दहा-बारा दिवस जड जातात, हे आधीच सांगते. वर्गात शिकलेलं स्पॅनिश आणि खोलीतल्या मुली जेवताना बोलतात ते स्पॅनिश यांचा मेळच लागत नाही. त्यात दुपारी दोन ते पाच बरीचशी दुकानं बंद, रविवारी सगळं सामसूम, आणि रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला. पहिल्या रविवारी माझ्याकडे खायला फक्त पाव आणि केळी होती. तेव्हा शनिवारीच सामान भरून ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. १८० दिवसांपेक्षा जास्त राहणार असशील, तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, म्हणजे 'तिए', काढायला अर्ज करावा लागतो. त्याची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, त्याला 'थीता प्रेविया' म्हणतात. नगरपालिकेत पत्त्याची नोंदही करायची असते. माझ्या पहिल्या घरमालकाने ती नोंद करू द्यायला नकार दिला आणि माझे दोन आठवडे गेले. म्हणून अनामत देण्याआधीच विचार, 'मे पुएदो एम्पाद्रोनार आकी?' (इथल्या पत्त्यावर माझी नोंद करता येईल का?) घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय इथून एक युरोही पाठवू नकोस. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, त्यामुळे हीटिंग भाड्यात धरलंय का तेही विचार.

आता खरं सांगायचंय ते भाषेबद्दल. आपण स्पॅनिश शिकताना मनात आधी इंग्रजी वाक्य तयार करतो आणि तिथेच फसतो. मराठीतून जा. 'मे गुस्ता' घे. 'मला आमटी आवडते', 'मला आंबे आवडतात': आवडणारी वस्तू बदलली की आपलं क्रियापद बदलतं, 'मला' तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तेच, 'मे गुस्ता ला सोपा', 'मे गुस्तान लोस मांगोस'. माझ्या वर्गातली इंग्रजी बोलणारी मुलं यावर महिनाभर अडली होती. मला बाईंना काही विचारावंही लागलं नाही. 'मे दुएले ला काबेथा' म्हणजे सरळ 'माझं डोकं दुखतंय'. त, द, प, क हे उच्चारही आपल्याला आयते मिळालेत. अवघड जातं ते शिक्षकांना 'तू' म्हणणं. तिथे ते सर्रास चालतं, पण माझी जीभ वळायची नाही. तू 'उस्तेद'ने (म्हणजे 'तुम्ही'ने) सुरुवात कर, ते स्वतःच 'तुतेआमे' (मला 'तू' म्हण) म्हणतील.

भीती घालवायला मला उपयोगी पडला तो प्लासा मायोरच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकाच्या, अगदी शेजारचा मेर्कादो सेंत्राल, म्हणजे तिथली मंडई. सकाळी जा. तिथे रांग दिसत नाही. दुकानापुढे पाच-सहा बायका कुठेही उभ्या असतात. नवीन आलेल्या माणसाने विचारायचं, 'किएन एस ला उल्तिमा?' (शेवटची कोण?) कुणीतरी म्हणतं, 'यो' (मी). झालं, आता तिच्यानंतर तुझा नंबर. पहिल्या दिवशी मी न विचारता उभी राहिले आणि वीस मिनिटं माझ्याकडे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या खेपेला विचारलं. एका आजींनी 'यो, इहा' म्हणत माझ्या दंडावर हात ठेवला. 'इहा' म्हणजे 'बाळा', पोरी. घर सोडून तेव्हा नऊ दिवस झाले होते. मला रडूच आलं.

तिथून घ्यायची ती ला आर्मुन्याची मसूर. शहराच्या उत्तरेला लागूनच तो भाग आहे, तिथलीच ही डाळ. आपल्या आख्ख्या मसुरापेक्षा मोठी, हिरवट, आणि शिजली तरी आकार सोडत नाही. जिरं 'कोमीनो' म्हणून मिळतं. मी कांदा-लसणाची फोडणी देऊन आमटी केली, खोलीतल्या मुलींनी पावाबरोबर खाल्ली, आणि त्या रात्री पहिल्यांदा मी दोन तास सलग स्पॅनिश बोलले. शाकाहारी असशील तर हॉटेलात नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, हॅम आणि ट्यूना तरी येतातच. दोन्हींची नावं घेऊन नको म्हण.

विद्यापीठ १२१८ सालचं आहे. दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात कवटीवर बसलेला बेडूक शोधायची प्रथा आहे, कुणी न दाखवता सापडला तर परीक्षा पास म्हणतात. मला चौथ्या संध्याकाळी सापडला. पण मावळतीला त्या भिंतीसमोर नुसतं बसलीस तरी चालेल. सगळं जुनं गाव बियामायोर या गावच्या एकाच जातीच्या दगडाचं आहे आणि तो दगड त्या वेळी हळदीसारखा पिवळा होतो. कुणी भेटायला बोलावलं तर 'देबाखो देल रेलोख' म्हणेल, म्हणजे प्लासा मायोरमधल्या घड्याळाखाली.

तिसऱ्या आठवड्यात मंडईत मागून कुणीतरी विचारलं, 'ला उल्तिमा?' आणि मी वळायच्या आधीच बोलून गेले, 'यो.'

हिंग मात्र घरूनच ने, तिथे मला कुठेच मिळाला नाही.