सुटका नक्की कोणाची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी कराडला एमए इंग्लिश करतेय. आम्हाला स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' आहे. शेवटी जॉर्ज आपल्याच मित्राला, लेनीला, मागून गोळी घालतो, सर म्हणाले हे प्रेमच आहे, निम्मा वर्ग रडला. पण घरी आजीचा कॅन्सर हाडांत पसरलाय आणि ती रोज म्हणते, "मला सोडवा गं आता." मग जॉर्जने केलं ते प्रेम, आणि आम्ही नुसतं बघत बसलोय ते काय?

उत्तर : अगं, नुसतं बघत बसलेली माणसं असं पत्र लिहीत नाहीत. आधी पुस्तकाचं बोलू. १९३७ ची ती छोटीशी कादंबरी परत एकदा वाच, पण या वेळी त्यांच्याबरोबर राहणाऱ्या म्हाताऱ्या मजुराच्या, कँडीच्या, म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रसंग नीट बघ. कुत्र्याला गोळी घालायचं ठरतं ते दयेच्या नावाखाली, पण मुळात त्याचा वास खोलीतल्या बाकीच्यांना सहन होत नसतो. मला तर सगळ्या पुस्तकातलं सगळ्यात खरं पान तेच वाटतं. आणि लेनी? तो आजारी नसतो, मरायचंही नसतं त्याला, तो सशांची स्वप्नं बघत असतो. त्याच्या हातून नकळत एक बाई मेलेली असते म्हणून मागे जमाव लागलेला असतो, त्याच्या हातून आणखी भयानक मरण येईल म्हणून जॉर्ज गोळी घालतो. तेव्हा प्रेम म्हण, पण लेनीला कोणी विचारलं नव्हतं हेही लिही पेपरात.

आता आजी. "सोडवा" म्हणते तेव्हा तिला कशातून सुटायचंय ते तिच्याजवळ बसून विचार, घाई न करता. हाडातला कॅन्सर भयंकर दुखतो आणि आपल्याकडे कितीतरी पेशंटना पुरेसं दुखणं-थांबवायचं औषध मिळतच नाही, 'मॉर्फिनची सवय लागेल' म्हणून घरचेच घाबरतात. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना गाठा, म्हणजे आजार बरा करायला नाही तर दुखणं, धाप, झोप हे सांभाळायला जे असतात ते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून कॅन्सर पेशंटसाठी मोफत चालतं, तिथे फोन करून विचार. दुखणं आटोक्यात आल्यावरही आजी तेच म्हणाली तर ते ऐकायचं, पुन्हा हॉस्पिटलात ओढत न नेणं, नळ्या न लावणं, हे तिचं म्हणणं मानण्यातच येतं. पण इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्या कायद्यात गुन्हाच आहे, आणि तो तसा राहावा असंच मला वाटतं.

प्रश्न : गांधीजींनी आश्रमातलं वासरू मारायला लावलं होतं ना? मग जनावराला दया आणि माणसाला नाही, हे कसं काय? — एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : सर, हो, १९२८ ची गोष्ट. साबरमतीला एक वासरू असह्य वेदनेत होतं, डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन मारवलं आणि केवढा गदारोळ झाला. पण त्यावर गांधीजींनी लिहिताना अटी घातल्या होत्या, रोग बरा न होणारा, सगळ्यांनी आशा सोडलेली, कुठलीही मदत किंवा सेवा शक्य नाही, आणि त्या जीवाला स्वतःची इच्छा सांगता येणं अशक्य. मी 'सेवा शक्य नाही' इथेच अडते. कारण मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग होत्या, तिथल्याच नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या, एवढी वर्षं तिथल्या नर्सेसनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. पत्रकार पिंकी विराणींनी कोर्टात मागणी केली की त्यांना आता जाऊ द्या, तेव्हा नर्सेस म्हणाल्या, अरुणा आमची आहे. ७ मार्च २०११ ला सुप्रीम कोर्टाने नर्सेसचं ऐकलं, आणि त्याच निकालात पॅसिव्ह युथनेशियाला, म्हणजे उपचार थांबवायला, हायकोर्टाच्या परवानगीने वाट करून दिली. विराणींच्या कळकळीवर मला शंका नाही, पण रोज हात लावणाऱ्यांचा शब्द मोठा, असं मी मानते. तरी खुद्द अरुणाला काय हवं होतं हे दोन्ही बाजूंना सांगता येत नव्हतं, आणि ते मला अजून छळतं.

प्रश्न : मला व्हेंटिलेटरवर पडून राहायचं नाही. आत्ताच लिहून ठेवता येतं का? मुलं विषय काढू देत नाहीत. — वाचक, वय ७१, डोंबिवली

उत्तर : येतं काकू. सुप्रीम कोर्टाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला, मान्यता मिळाली, पण पद्धत इतकी किचकट होती की कोणी करेना, मग जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरकडून अटेस्ट करून घ्यायचं. तुमच्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं लिहा, एकापेक्षा जास्त चालतात. वेळ आली की हॉस्पिटलचे डॉक्टरांचे दोन बोर्ड बघतात, शक्यतो ४८ तासांत मत देतात, म्हणजे कोणा एकाच्या लहरीवर काही होत नाही. मन बदललं तर केव्हाही रद्द करता येतं.

मुलांना मृत्युपत्रासारखं वाटतं म्हणून ती पळतात. त्यांना सांगा की हे लिहिलं नाही तर आयसीयूच्या बाहेर रात्री दोन वाजता डॉक्टर विचारतील "काय करायचं?" आणि दोघं भावंडं एकमेकांकडे बघत बसतील. एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे द्या आणि ज्याचं नाव लिहाल त्याला आधी समोर बसवून विचारा, जमेल का म्हणून, कारण सगळ्यांना जमत नाही.